फिटरची पहिली पेटी: तयार संच की एकेक हत्यार निवडून?

ऑनलाइन आणि हार्डवेअरच्या दुकानांत सध्या एक पेटी जोरात खपते. काळ्या किंवा नारिंगी प्लॅस्टिकची, आत प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खाचा, झाकणावर ठळक अक्षरांत शंभराच्या वरचा नगांचा आकडा. आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये प्रवेश मिळालेल्या मुलाला घरचे हीच घेऊन देतात. शेडमध्ये लहानसं वर्कशॉप टाकणाराही बऱ्याचदा हिच्यापासूनच सुरुवात करतो. हे परीक्षण त्या प्रकारच्या पेटीचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. झाकणावरचं नाव बदललं तरी आतला माल साधारण एकाच धाटणीचा असतो. तिच्या शेजारी ठेवून पाहिलंय ते तेवढ्याच पैशांत बाजारात फिरून, निवडून घेतलेलं सामान.

निकाल आधी. घरातला पंखा, सायकल, कपाटाचं बिजागर, मिक्सरचा सैल झालेला स्क्रू एवढंच काम असेल तर पेटी ठीक आहे, घ्या. बेंचवर उभं राहून लोखंड मापात आणायचं असेल तर पेटीवर पैसे घालू नका.

कारण पेटी उघडून मोजलं की कळतं. निम्म्याहून जास्त नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचे छोटे बिट, सॉकेट आणि अ‍ॅलन की. काही पेट्यांत तर भिंतीचे प्लग, केबल टाय आणि खिळेसुद्धा नगांत धरलेले असतात. फिटरच्या कामाची हत्यारं तीन जातींची: खूण करणारी, कापणारी-घासणारी, मापणारी. पेटीत नेमकी हीच नसतात, किंवा नावापुरती असतात. आयटीआयच्या प्रशिक्षणार्थीच्या संचात स्टीलची पट्टी, गुण्या, हॅक्सॉची फ्रेम, आतले-बाहेरचे कॅलिपर, जेनी (एक पाय वाकलेला, खूण करायचा कॅलिपर), डिव्हायडर, स्क्रायबर (रेघ ओढायची टोकदार सुई), अर्ध्या किलोचा बॉल पीन हातोडा, सपाट छिन्नी, सेंटर पंच, डॉट पंच, कानशी, डिसमिस आणि पक्कड अशी वीसेक हत्यारं असतात. यातली हातोडा, डिसमिस आणि पक्कड सोडली तर बाकीची तयार पेटीत एकतर सापडत नाहीत, नाहीतर बेंचच्या कामाला चालतील अशी नसतात. उलट पेटीतल्या चाळीस बिटांपैकी पहिल्या वर्षात दोन-तीनच हातात येतात.

कानस

सुरुवात कानशीपासून, कारण पहिलं वर्ष बहुतेक तिच्यावरच जातं आणि दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक तिच्यातच होते. स्वस्त संचात तीन-चार कानशी असतातच, त्यांचे दात दिसायलाही चकचकीत. माइल्ड स्टीलच्या (साध्या मऊ पोलादाच्या) तुकड्यावर दहा-बारा हात मारले की कानस कापायचं सोडून घसरायला लागते. याचं कारण पोलादात किंवा त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून-थंड करून आणलेल्या कडकपणात, असतं. पोलादात कार्बन कमी असेल किंवा पाणी नीट बसलं नसेल तर दाताचं टोक लगेच गोल होतं. एकदा दात गेले की तिला परत धार लावून भागत नाही.

कानस विकत घेताना दुकानदाराला नुसतं 'दहा इंची कानस द्या' म्हणू नका. लांबी, आकार आणि दाताची जात, तिन्ही सांगा. लांबी टोकापासून टाचेपर्यंत धरतात, मुठीत जाणारी शेपटी त्यात मोजत नाहीत. दाताच्या जाती जाड्यापासून बारीकपर्यंत अशा: रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ, डेड स्मूथ. इथे एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. ही नावं लांबीच्या हिशेबाने चालतात. ३०० मिमीच्या सेकंड कट कानशीचे दात १५० मिमीच्या सेकंड कटपेक्षा जाड असतात. त्यामुळे बारीक कामाला नेहमीच स्मूथ लागते असं नाही, लहान लांबीची सेकंड कट कित्येकदा तेच काम करते.

सिंगल कट कानशीवर दातांची एकच रांग असते, मधल्या रेषेशी ६० अंशांत. डबल कटवर दोन रांगा एकमेकींना छेदतात, एक ७० अंशांची आणि दुसरी ५१ अंशांची. डबल कट भराभर माल काढते, सिंगल कट पृष्ठभाग गुळगुळीत ठेवते. बेंचवरची नेहमीची सपाट कानस डबल कटच घ्यावी.

काउंटरवर तपासायचं ते असं. कानस डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीवरून नजर न्या. सपाट कानशीचा चेहरा लांबीत किंचित पोट आलेला असतो. हा दोष नाही, मुद्दाम ठेवतात. घासताना हात थोडे वरखाली होतातच, त्यात पूर्ण सपाट कानस वापरली तर जॉबच्या (घासायच्या तुकड्याच्या) दोन्ही कडा आधी उतरतात आणि मधे कुबड राहतं. पण पोट एका बाजूला आणि पाठ आत गेलेली असेल, म्हणजे कानस वाकलेली असेल, तर परत करा. मग शेपटीने धरून दुसऱ्या लोखंडावर हलकेच टेकवा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते. उजेडात दात तिरके धरून पाहा: दातांच्या टोकांवर चमकणारे ठिपके दिसले तर ती वापरलेली किंवा इतर कानशींवर आपटलेली आहे. ज्या दुकानात कानशी ड्रॉवरमध्ये एकमेकींवर ओतून ठेवलेल्या असतात तिथून घेऊच नका. पोलाद पोलादावर घासलं की दुकानातच दात मेलेले असतात.

नावांचं म्हणाल तर जेके फाइल्सच्या कानशी महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक हार्डवेअरवाल्याकडे मिळतात आणि शिकाऊ हाताला त्या पुरेशा आहेत. घरच्या कानशी म्हणायला हरकत नाही, रत्नागिरी आणि चिपळूणला त्यांचे कारखाने आहेत. पहिल्या पेटीसाठी चार नग बस: ३०० मिमी सपाट बास्टर्ड, २५० मिमी सपाट सेकंड कट, २०० मिमी सपाट स्मूथ, आणि २०० मिमी अर्धगोल सेकंड कट. त्रिकोणी आणि गोल कानस गरज पडेल तेव्हा घ्या. काटकोनाची आतली कड घासायची असेल तर सपाट कानशीऐवजी हँड फाइल मागा. हिच्या एका कडेला दात नसतात, त्यामुळे एक बाजू घासताना शेजारची बाजू खात नाही.

मूठ वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती टाळायची नाही. शेपटी मुद्दाम मऊ ठेवलेली आणि टोकदार असते. मुठीविना कानस अडकून थांबली की ती तळहातात शिरते. मूठ बसवताना कानशीवर हातोडा मारू नका. मुठीत योग्य मापाचं छिद्र पाडा, शेपटी आत घाला आणि मुठीचं बूड बेंचवर आपटा.

नवी कानस आधी पितळेवर वापरा, मग माइल्ड स्टीलवर. नव्या दाताचं टोक अतिशय धारदार आणि ठिसूळ असतं. एकदम कठीण स्टीलवर मारलं तर ते तुटतं, गोल व्हायचीही वाट पाहत नाही. ओतीव लोखंडाच्या वरची वाळूची साल चांगल्या कानशीने कधीच काढू नका, ती जुन्या कानशीच्या कडेने किंवा छिन्नीने उतरवा. दातांत बारीक कीस अडकला की जॉबवर खोल ओरखडे उठतात. त्याला उपाय साधा खडू: स्मूथ कानशीवर आधी खडू घासा, कीस चिकटत नाही. अडकलेला कीस तारेच्या ब्रशने दाताच्या दिशेने काढा. आणि घासलेल्या पृष्ठभागावरून बोट फिरवून पाहायची सवय सोडा. हाताचं तेल लागलं की पुढचा हात घसरतो.

हॅक्सॉ आणि ब्लेड

तयार पेटीत बहुधा मिनी हॅक्सॉ असते: वाकवलेल्या सळईची, अर्धं ब्लेड मागे आणि अर्धं पुढे लोंबणारी. ब्लेडला ताण देता येत नाही अशी फ्रेम फक्त अडचणीच्या जागी एखादा खिळा कापायला. बेंचसाठी नळीची, २५० आणि ३०० मिमी ब्लेड घेणारी सरकती फ्रेम घ्या. दुकानातच ब्लेड लावून विंग नट आवळा आणि वरून नजर टाका. ब्लेड आणि फ्रेमची पाठ एका रेषेत हवी. पिना ढिल्या असतील तर ब्लेड पीळ घेतं, मग कितीही सरळ हात मारला तरी काप तिरका जातो. ब्लेड ९० अंशांत फिरवून लावता येतं का तेही पाहा. लांब पट्टी चिरताना फ्रेम आडवी येते तेव्हा ही सोय नसेल तर काम अडतं.

फ्रेम एकदाच घ्यायची, ब्लेड मात्र सतत लागतात. दोष बहुधा ब्लेड निवडण्यात असतो, ब्लेडच्या दर्जात क्वचित. दातांतलं अंतर चार मापांत मिळतं: १.८, १.४, १.० आणि ०.८ मिमी. दुकानदार इंचाच्या भाषेत १४, १८, २४ आणि ३२ दात म्हणतो. भरीव माइल्ड स्टील आणि पितळेला १.८ चालतं, कठीण पोलादाला १.४, अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी) आणि जाड नळीला १.०, पातळ नळी आणि पत्र्याला ०.८. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: कापाच्या जागी कायम तीन दात तरी मालावर असावेत. २५×२५×३ चा अँगल घ्या. पाय ३ मिमी जाड, म्हणजे १.० अंतराचे तीन दात जेमतेम बसतात. त्याच अँगलला १.८ चं ब्लेड लावलं की एकेक दात कडेत अडकतो आणि कडाकड तुटत जातो. १ मिमी पत्रा असेल तर ०.८ सुद्धा पुरत नाही. तो दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून फळीसकट कापा.

ब्लेड दोन जातींची: पूर्ण कडक आणि लवचिक. पूर्ण कडक ब्लेड काप सरळ ठेवतं पण जरा पीळ पडला की तुटतं. शिकाऊ हातासाठी लवचिकच घ्या. बिपिको, मिरांडा ही नावं या बाजारात जुनी आहेत. खोक्यातून एकेक सुटं घेण्यापेक्षा दहांचं पाकीट परवडतं आणि माल बनावट निघण्याचा धोकाही कमी.

दात पुढे, मुठीपासून लांब. हे चुकलं की ब्लेड कापण्याऐवजी खरवडतं. वेग मिनिटाला पन्नासेक हात, पूर्ण लांबी वापरून, परत येताना दाब सोडून. अर्ध्यात ब्लेड तुटलं आणि नवं लावलं तर जुन्या कापात ते घालू नका. वापरून झिजलेल्या ब्लेडचा काप अरुंद असतो, नव्या ब्लेडचे दात बाहेर जास्त फाकलेले असतात. ते त्या खाचेत अडकतं आणि लगेच तुटतं. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने काप सुरू करा.

गुण्या, पट्टी, व्हर्नियर

तयार पेटीत मापायला मिळतो तो ५ मीटरचा टेप. त्याच्याबद्दल एक गैरसमज आधीच दूर करतो: टोकाचा हुक हलतो म्हणून टेप खराब नसतो. हुक त्याच्या स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो, म्हणजे ओढून मोजलं किंवा टेकवून मोजलं तरी माप एकच येतं. पण टेप फॅब्रिकेशनच्या कामाचा, फिटिंगचा नाही.

फिटिंगला सगळ्यात आधी गुण्या हवा, १५० मिमीचा, कडक केलेल्या पोलादाच्या पात्याचा. सुतारी गुण्या इथे चालत नाही. गुण्या दुकानात तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. सरळ कडेचा पत्रा किंवा काच घ्या, कडेला गुण्याचं बूड टेकवून पात्याच्या धारेने रेघ ओढा. गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या काटकोनात आहे. टोकाशी फट पडली तर गुण्यातली चूक त्या फटीच्या निम्मी. बुडाच्या आतल्या कोपऱ्यात छोटी खाच आहे का पाहा. जॉबच्या कडेवर राहिलेली बर (कापताना उठलेली धातूची बारीक कोर) त्या खाचेत जाते आणि गुण्या नीट टेकतो. काही स्वस्त गुण्यांत खाचच नसते. तसा गुण्या घेतला तर प्रत्येक वेळी बर काढूनच तपासावं लागेल. ते चांगलंच आहे म्हणा, पण घाईत कोणी काढत नाही.

पट्टी ३०० मिमीची, स्टेनलेस, अर्ध्या मिलीमीटरच्या खुणांची. रेघा कोरलेल्या हव्यात, छापलेल्या नकोत. क्रिस्टीलच्या पट्ट्या जवळपास सगळीकडे मिळतात. शून्य पट्टीच्या टोकापासून सुरू होतं, म्हणून टोक झिजलेलं किंवा ठोकरलेलं नको.

व्हर्नियर कॅलिपरवर मात्र हात आखडता घेऊ नका. पेटीत कधी कधी प्लॅस्टिकचा व्हर्नियर टाकलेला असतो, तो ०.१ मिमीच्या पुढे काही सांगत नाही. १५० मिमीचा स्टेनलेस, ०.०२ मिमी वाचणारा घ्या. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलीमीटर सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणून एक भाग ०.९८ मिमी आणि फरक ०.०२. आधी जबडे बंद करून उजेडाकडे धरा. बारीक फटीतून प्रकाशाची रेघ दिसली तर ठेवून द्या. बंद असताना शून्यावर शून्य येत नसेल तर तो फरक प्रत्येक मापात वजा किंवा अधिक करावा लागतो, नवा घेताना तसला घेण्यात अर्थ नाही. जॉब नेहमी पट्टीच्या जवळ, जबड्यांच्या बुडाशी धरा. टोकाशी धरलं की सरकता जबडा किंचित कलतो आणि माप लहान येतं. मिटुटोयो घेतला तर उत्तमच, पण पहिल्या वर्षाला भारतीय बनावटीचा नीट तपासून घेतलेला व्हर्नियर पुरतो.

डिजिटल कॅलिपरचा मोह होतो. पडद्यावर ०.०१ मिमी दिसतं, पण १५० मिमीच्या चांगल्या डिजिटल कॅलिपरची अचूकताही साधारण ०.०२ मिमीच धरलेली असते. स्वस्त डिजिटल बंद केल्यावरही बॅटरी खात राहतात; गरजेच्या वेळी पडदा कोरा दिसतो. शिकताना तर रेघांचाच बरा, कारण परीक्षेत तोच वाचायला लागतो.

हातोडा, छिन्नी, पंच

बॉल पीन हातोडा: छिन्नीकामाला ५०० ग्रॅम, पंच मारायला २५० ग्रॅम. पेटीतला हातोडा बहुतेक खिळ्यांचा, मागे पंजा असलेला. त्याने पंच मारता येतो पण छिन्नी मारताना त्याच्या चेहऱ्याची कड उडण्याची भीती असते. दांडा लाकडी घ्या, त्याच्या रेषा लांबीतून सलग जाणाऱ्या हव्यात. डोक्यात लोखंडी पाचर बसलेली आहे का ते पाहा. पाचर नसलेला हातोडा आज ना उद्या दांड्यावरून सुटतो. कोकणात पावसाळा आणि उन्हाळा यांत लाकूड इतकं फुगतं-आकसतं की पाचर असली तरी दर मोसमाला दांडा तपासावा.

छिन्नी घेताना तिची धार फार पाहत बसू नका. धार ग्राइंडरवर आपल्यालाच लावायची असते, प्रत्येक धातूला वेगळ्या कोनात: ओतीव लोखंडाला ६० अंश, माइल्ड स्टीलला ५५, पितळेला ५०, तांब्याला ४५, अ‍ॅल्युमिनियमला ३०. पाहायचं ते पाणी. जुनी कानस छिन्नीच्या डोक्यावर हलकेच फिरवा, तिने माल खाल्ला पाहिजे, कारण डोकं मऊ ठेवलेलं असतं. तीच कानस धारेपाशी घसरली पाहिजे. उलट असेल तर छिन्नी धोकादायक आहे: कडक डोक्यावर हातोडा बसला की कपचा उडतो. वापरून वापरून डोकं कुत्र्याच्या छत्रीसारखं फुलतं, ते ग्राइंडरवर उतरवायलाच हवं. छिन्नी मारताना गॉगल, आणि समोर जाळी.

सेंटर पंचाचं टोक ९० अंशांचं, डॉट पंचाचं ६० अंशांचं. दोन्ही घ्या, एकावर भागवू नका. मार्किंगच्या रेषेवर खुणा डॉट पंचाने, ड्रिलची जागा सेंटर पंचाने. ड्रिलचं टोक बारीक खड्ड्यात नीट बसत नाही आणि सरकतं. स्क्रायबर १२ ते १५ अंशांच्या बारीक टोकाचा असतो. तो खिशात ठेवायचा नाही.

पाने, डिसमिस, पक्कड

तयार पेटीला गुण द्यायचे तर याच खात्यात, पण इथेही जपून. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम (पोलादाची एक मजबूत जात) लिहिलेलं असलं तरी खरी परीक्षा जबड्याची. खिशात नवा एम६ आणि एम८ (६ आणि ८ मिमी व्यासाचा) बोल्ट घेऊन दुकानात जा. १० चा पाना एम६ वर आणि १३ चा एम८ वर बसवून हलवा. नुसता हलका खेळ चालेल. पाना लडबडत असेल तर तो बोल्टचे कोपरे गोल करणार. एम१० ला अनेक ठिकाणी अजून १७ चं डोकं येतं आणि नव्या मापाच्या बोल्टला १६ चं, म्हणून १६-१७ चा पाना पहिल्याच संचात हवा.

उघड्या पान्याचं तोंड दांड्याशी १५ अंश तिरकं असतं. अडचणीच्या जागी पाना उलटा करून घातला की तीस-तीस अंशांचे फेरे मिळतात. नट सैल करताना आधी रिंग पाना वापरा, सैल झाल्यावर उघडा. अ‍ॅडजस्टेबल पाना ओढताना जोर पक्क्या जबड्यावर येईल असा फिरवा. उलटा फिरवला तर सरकता जबडा उघडतो आणि आतले आटे झिजतात.

टपारिया हे नाव इथे आपसूक येतंच. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत कार्यालय, १९६९ साली स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारं बनवायला सुरुवात. त्यांचे पाने आणि पकडी आजही गॅरेजवाल्यांची पहिली पसंती आहेत, आणि म्हणूनच त्यांची नक्कलही फार होते. नावातलं एखादं अक्षर बदललेला, अगदी तशाच पाकिटातला माल बघून घ्या. कोरलेली अक्षरं पुसट आणि मुलामा खडबडीत असेल तर तो अस्सल नाही.

डिसमिस दोन पुरतात: ६ मिमी पात्याचा सपाट आणि दोन नंबरचा फिलिप्स. सपाटाचं पातं टोकाशी समांतर हवं, पाचरीसारखं निमुळतं असेल तर जोर लावताच खाचेतून वर येतं. पक्कड २०० मिमी, बंद करून उजेडाकडे धरा, कापायच्या धारा एकमेकींना मिळायला हव्यात. मुठीवर रंगीत प्लॅस्टिक आहे म्हणून ती विजेच्या कामाला सुरक्षित नसते. १००० व्होल्टची खूण नसेल तर चालू लाइनपासून लांब ठेवा.

व्हाइस

व्हाइस पेटीत येत नाही, पण तो नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. माप जबड्याच्या रुंदीवरून: घरगुती बेंचला १००, वर्कशॉपला १५०. हँडल फिरवताना सुरुवातीचा मोकळा फेरा थोडाच हवा. जबडा अर्धा उघडून हाताने वर उचलून पाहा. खूप हलत असेल तर जॉब वर उचलला जाणार आणि कधीच सपाट येणार नाही. जबड्याच्या पट्ट्या कडक केलेल्या आणि स्क्रूने बसवलेल्या हव्यात, म्हणजे बदलता येतात. तयार पृष्ठभागाला खुणा पडू नयेत म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन गाल घरीच वाकवून बनवा. उंची ठरवायला व्हाइसशेजारी उभे राहा, कोपर वाकवा: कोपर जबड्याच्या माथ्याला टेकलं पाहिजे. हँडलला पाइप लावून किंवा हातोड्याने आवळू नका. व्हाइसचं अंग ओतीव लोखंडाचं असतं, ते वाकत नाही, सरळ तुटतं.

पैसे कुठे घालायचे

व्हाइस सोडून हिशेब केला तर दहा रुपयांतले तीन कानशींना, तीन व्हर्नियर-गुण्या-पट्टीला, दोन हॅक्सॉ आणि ब्लेडला, उरलेले दोन हातोडा, छिन्नी, पंच आणि पकडीला. पाने नंतर, लागतील तसे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, कोल्हापुरात उद्यमनगर: अशा ठिकाणी तासभर फिरलं तर सगळं मिळतं, आणि मुख्य म्हणजे हातात घेऊन बघता येतं. ऑनलाइन घ्यायचंच असेल तर डिसमिस, पक्कड आणि ब्लेडची पाकिटं घ्या. कानस, गुण्या आणि व्हर्नियर मात्र बघितल्याशिवाय नाही. पक्की पावती मागा. चीर निघालेली कानस बदलून द्यायला दुकानदार कुरकुरतो, पावती असली की कमी कुरकुरतो.

ठेवण्यासाठी पेटी साध्या पत्र्याची, दोन कप्प्यांची. कानशी वेगळ्या कापडी पिशवीत, एकमेकींना न लागता. गुण्या आणि व्हर्नियर वरच्या कप्प्यात, हातोड्याखाली नाही. जून ते सप्टेंबर पट्टी आणि गुण्याला मशीन ऑइलचा हात. कानशीला मात्र तेल नको, कोरड्या पिशवीत खडूचा तुकडा टाकला तरी ओल कमी धरते.

राहता राहिला टॅप-डायचा, म्हणजे आटे पाडायचा संच, जो काही मोठ्या पेट्यांत वरच्या थरात चमकत असतो. बऱ्याच पेट्यांतले टॅप कार्बन स्टीलचे असतात, पितळ-अ‍ॅल्युमिनियमला चालतात, स्टीलमध्ये लवकर बोथटतात. पहिल्या वर्षी टॅप लागतो तो बहुतेक एम६, एम८ आणि एम१०. एवढेच एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) घ्या, तीन-तीनच्या संचात. सोबत त्यांची ड्रिल: एम६ ला ५.०, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५. ज्या टॅपबरोबर त्याच्या मापाचं ड्रिल घेतलं नाही तो टॅप लहान भोकात जाऊन तुटणार, आणि तुटलेला टॅप काढायला कुठल्याही पेटीत हत्यार नसतं. गुण्या लावून टॅप सरळ उभा करा, कटिंग ऑइल टाका, अर्धा फेरा पुढे गेला की पाव फेरा मागे घेऊन कीस तोडा.